सात हा आकडा कोणाच्या बाजूचा?

२९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंशांनी कोसळला. एका दिवसातली तोवरची ती सर्वांत मोठी घसरण. तिच्याआधीचा विक्रम १७ सप्टेंबर २००१ चा होता, ६८४ अंशांचा. यहुदी पंचांग काढून पाहिले तर दोन्ही दिवशी एलूल महिन्याची २९ तारीख होती, आणि तीही दर सात वर्षांनी येणाऱ्या ‘शमिता’ वर्षाची शेवटची तारीख. एवढा योगायोग पुरेसा होता. देव सात-सात वर्षांनी अमेरिकेच्या तिजोरीवर घाव घालतो, पुढचा घाव सप्टेंबर २०१५ मध्ये पडणार, अशी प्रवचने झाली, पुस्तके खपली, व्हिडिओ जगभर फिरले. २०१५ साली ती तिथी १३ सप्टेंबरला आली. त्या दिवशी रविवार होता, बाजार बंद होता. २०२२ साली ती पुन्हा रविवारीच आली.

भाकीत चुकले याचे मला फारसे काही वाटत नाही. भाकिते चुकतच असतात. मला खटकते ते वेगळेच. एलूलची २९ ही तारीख बायबलच्या परंपरेत कशासाठी आहे? त्या दिवशी सूर्य मावळला की गरिबावरचे कर्ज रद्द होते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ही आज्ञा आहे: दर सात वर्षांच्या अखेरीस सावकाराने आपल्या भाऊबंदाला दिलेले उसने सोडून द्यावे, तगादा लावू नये. म्हणजे कर्जदाराने ज्या संध्याकाळची वाट पाहायची, तीच संध्याकाळ गुंतवणूकदाराला घाबरवण्यासाठी वापरली गेली. आकडा तोच राहिला, पण त्याची बाजू बदलली. बायबलमधल्या आकड्यांबद्दल आज जे काही बोलले जाते, त्यातल्या बऱ्याच भागाचे असेच झाले आहे, आणि हे केवळ भाविकांच्या घरातले प्रकरण नाही. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या ग्रंथातला एक कायदा आपल्या डोळ्यांसमोर भविष्यकथनाच्या पेटीत बंद केला जातो, तेव्हा त्याबद्दल चारचौघांत बोलले पाहिजे.

सात म्हणजे पूर्णत्व, बारा म्हणजे देवाची प्रजा, चाळीस म्हणजे परीक्षा, अशा याद्या आपल्याकडच्या बायबल-अभ्यासाच्या पुस्तिकांत असतात, मोबाइलवरही फिरतात. त्या चूक आहेत असे मी म्हणणार नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, आरंभी सृष्टीचे काम सहा दिवसांत आटोपते आणि सातव्या दिवशी देव विसावा घेतो. यरीहोच्या कोटाभोवती सात याजक सात रणशिंगे घेऊन सात दिवस फिरतात आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या घालतात. अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि त्याचे कोड जाते. याकोब राहेलसाठी सात वर्षे राबतो, फसवला जातो, आणखी सात वर्षे राबतो. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात तर सातच सात आहेत: सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. एखादी गोष्ट भरून पावली हे सांगायला इब्री लेखक सात वापरतात, हे मान्य. पण यादी तिथेच थांबते आणि वाचक समाधानाने मान हलवतो. पूर्णत्व कोणासाठी? काय पूर्ण झाल्यावर कोणाला काय मिळते? हे प्रश्न यादीत बसत नाहीत.

प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून आलेल्या ६६६ या आकड्याबद्दल इथे एवढेच म्हणतो की दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या बिशपने त्या आकड्यावरून नावे शोधण्याची घाई करू नका असे तेव्हाच बजावले होते, कारण अक्षरांच्या किमती मिळवून त्या बेरजेत बसणारी नावे हवी तेवढी सापडतात. अठराशे वर्षे झाली, तो इशारा कोणी ऐकत नाही.

सात दिवसांच्या आठवड्याकडे जरा नीट पाहू. दिवस सूर्यामुळे होतो, महिना चंद्रामुळे, वर्ष ऋतूंमुळे. आठवडा मात्र आकाशात कुठे काटेकोर दिसत नाही. चंद्राच्या चार पावांशी तो साधारण जुळतो, पण महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. तो माणसांनी पाळला म्हणून टिकला. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. कामगाराला नवव्या दिवसानंतरच विसावा, म्हणून तो लोकांना नकोसा झाला आणि १८०६ पासून जुने कॅलेंडर परत आले. सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून पाच दिवसांची पाळी लावली, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. घरात नवरा एका दिवशी मोकळा, बायको दुसऱ्या. पुढे सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि १९४० मध्ये सातावर परत यावे लागले.

हा सात आला कुठून, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. बाबिलोनियातल्या मुहूर्त-पाट्यांमध्ये महिन्याचे ७, १४, १९, २१ आणि २८ हे दिवस अशुभ धरले आहेत. त्या दिवशी राजाने निखाऱ्यावर भाजलेले मांस खाऊ नये, रथात बसू नये, निवाडा देऊ नये. सातव्या दिवसाची धास्ती तिथे होती आणि ती राजाच्या जिवासाठी होती. आता बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली चौथी आज्ञा वाचा. सातव्या दिवशी काम करायचे नाही ते कोणी? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. यादी राजापासून सुरू होत नाही, राजाचे नावही नाही. ती खाली खाली उतरत बैलापर्यंत जाते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण बदललेले असते. निर्गमात देवाने विसावा घेतला म्हणून तू घे, असे आहे. इथे तू मिसर देशात दास होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. सातचा अर्थ मला विचाराल तर तो मी याच वाक्यात शोधेन.

मिसरचा उल्लेख आला म्हणून योसेफाची गोष्टही त्याच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. फारोच्या स्वप्नात सात लठ्ठ गाई आणि सात रोड गाई येतात, योसेफ अर्थ सांगतो, सात वर्षे सुगीत धान्य साठवतो आणि सात वर्षांच्या दुष्काळात ते विकतो. रविवारच्या शाळेत गोष्ट इथेच संपते: हुशार योसेफ, वाचलेला देश. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. दुष्काळात लोकांचे पैसे आधी संपतात. मग ते धान्यासाठी गुरे देतात. पुढच्या वर्षी येऊन म्हणतात, आता आमच्यापाशी आमची शरीरे आणि जमिनी तेवढ्या उरल्या आहेत, आम्हाला जमिनीसकट विकत घ्या. याजकांची सोडून सगळी शेते फारोची होतात आणि सगळी प्रजा फारोची दास. ज्यांनी सुगीच्या वर्षांत आपल्या पिकाचा पाचवा हिस्सा दिला होता, त्यांनाच तो हिस्सा स्वतःला विकून परत घ्यावा लागला. पुढच्याच पुस्तकात योसेफाचे वंशज विटा थापताना दिसतात.

म्हणून सिनाय पर्वतापाशी दिलेले सातांचे कायदे वाचताना मिसरचे ते सात डोळ्यांपुढून हलत नाहीत. विकत घेतलेला इब्री दास सहा वर्षे राबेल, सातव्या वर्षी काही न देता मोकळा होईल. अनुवाद त्यात भर घालतो: त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरभरून दे. जमीन सहा वर्षे पेर, सातव्या वर्षी पडीक ठेव, म्हणजे गरिबाला खायला मिळेल आणि उरेल ते रानातली जनावरे खातील. सातव्या वर्षाच्या अखेरीस कर्ज सोड. आणि सात वर्षांची सात आवर्तने झाली, एकोणपन्नास भरली, की सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी रणशिंग वाजेल, पन्नासावे वर्ष योबेल, ज्याची वतनाची जमीन विकली गेली असेल त्याने ती परत घ्यावी. मिसरमध्ये सात वर्षांत माणसाची आधी गुरे गेली, मग जमीन, मग तो स्वतः. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन आणि माणूस दोन्ही परत मिळतात.

या अध्यायातली किमतीची तरतूद माझ्या मते फार दूरदृष्टीची आहे. योबेलाला जितकी वर्षे उरली असतील त्या हिशेबाने जमिनीची किंमत ठरवा, कारण विकणारा पिकांची संख्या विकतो, जमीन नव्हे. म्हणजे कायमची खरेदी असे काही नसतेच. फार तर पन्नास वर्षांचा खंड. कारणही तिथेच दिले आहे: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे आणि पाहुणे आहात, असे देव म्हणतो.

आता कोणी म्हणेल, कर्जमुक्ती प्राचीन मध्यपूर्वेत नवी नव्हती. खरे आहे. बाबिलोनियाच्या हम्मुराबीच्या घराण्यातल्या अम्मीसदुका राजाचा इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातला जाहीरनामा मातीच्या पाटीवर मिळाला आहे. त्यात थकलेला सारा आणि गरजेपोटी घेतलेली कर्जे रद्द केली आहेत. गादीवर आलेले राजे असे जाहीरनामे काढत. त्यामुळे कर्जात बुडालेला शेतकरी पुन्हा उभा राही, सैन्याला माणसे मिळत, आणि राजाचा जयजयकार होई. पण कधी काढायचा हे राजा ठरवी. नवा राजा कधी येईल, त्याची मर्जी कशी असेल, हे कर्जदाराला ठाऊक नसे. मोशेच्या नियमशास्त्राने तीच गोष्ट राजाच्या हातून काढून आकड्याच्या हाती दिली. सातवे वर्ष येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत. ते कोणी जाहीर करावे लागत नाही आणि कोणी पुढेही ढकलू शकत नाही. कर्जदाराला कोणाचे पाय धरावे लागत नाहीत.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची, २०१९ ची पुन्हा राज्याची. कधी निवडणूक जवळ आली म्हणून, कधी शेतकरी संपावर गेले म्हणून, कधी सरकार बदलले म्हणून. दर वेळी मर्यादा निराळी, पात्रतेची तारीख निराळी, आणि योजनेला कोणाचे नाव द्यायचे याची चर्चा आधी. ज्याने मुदतीत फेडले तो पस्तावतो, ज्याने थांबून पाहिले त्याला लाभ होतो, आणि ज्याने खासगी सावकाराचे घेतले तो कुठल्याच यादीत नसतो. मी सात वर्षांचा नियम जसाच्या तसा उचलून इथे लावा असे म्हणत नाही. पण उपकार म्हणून मिळणारी सूट आणि हक्क म्हणून मिळणारी सूट यांत किती अंतर आहे, ते या प्राचीन कायद्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

या कायद्याची दुखरी बाजूही आहे. सातव्या वर्षी कर्ज बुडणार असेल तर सहाव्या वर्षी कोण देईल? अनुवादाच्या त्याच अध्यायात याची जाणीव आहे: सूट देण्याचे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाकडे कठोर नजरेने पाहू नको, नाहीतर तो तुझ्याविरुद्ध देवाला हाक मारील. पण नुसत्या ताकिदीने पत निर्माण होत नाही. इसवी सनाच्या आगेमागे हिल्लेल या थोर यहुदी गुरूने पाहिले की लोक कर्ज देणेच टाळताहेत आणि गरिबाची कोंडी होते आहे. त्याने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त काढला. सावकार आपली येणी न्यायसभेच्या हवाली करी. मग ती खासगी न राहिल्यामुळे सातव्या वर्षाची सूट त्यांना लागू होत नसे. कायदा गरिबासाठी होता, आणि गरिबासाठीच त्याला वळसा घालावा लागला. हिल्लेलला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे उपाशी माणूस उभा होता. पण एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. नुसती मुदत घालून भागत नाही, मुदतीनंतरही उसने देणारी एखादी व्यवस्था असावी लागते. बँकांच्या बाबतीत आपण हेच पाहतो.

योबेल वर्ष प्रत्यक्षात पाळले गेले का, याचा भरवशाचा पुरावा नाही. सातव्या वर्षाचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, मक्काबी या यहुदी बंडखोरांच्या काळात, बेथसूर शहर वेढ्यात शरण गेले, कारण ते पडीक जमिनीचे वर्ष होते आणि कोठारात धान्य नव्हते. ज्युलियस सीझरने सातव्या वर्षी यहुद्यांना खंडणीत सूट दिल्याचे योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवले आहे. आजच्या इस्राएलमध्येही शमिता पाळली जाते, मात्र १८८९ पासून बरेच शेतकरी त्या वर्षापुरती जमीन बिगर-यहुद्याला कागदोपत्री विकून शेती चालू ठेवतात.

त्याहून मोठी अडचण लेवीयाच्याच पंचविसाव्या अध्यायात आहे. ज्या अध्यायात मुक्तीचे रणशिंग आहे त्याच अध्यायात परजातीचे दासदासी कायमचे ठेवता येतील, मुलांना वारसा म्हणून देता येतील, असेही लिहिले आहे. कर्जाची सूटही भाऊबंदाला, परक्याला नाही. हे झाकून ठेवून सातचे गोडवे गाणे मला जमणार नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गुलामांच्या मालकांनी बायबल हातात धरले तेव्हा त्यांनी अशाच ओळींवर बोट ठेवले. माझे म्हणणे एवढेच की त्याच ग्रंथाच्या आतून या कुंपणावर दाब येत राहिला. शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याच्या, आज्ञेत उपरा आधीपासून आहे. संदेष्टे कुंपण आणखी ढकलतात. आणि तो दाब कुठे नेतो, ते नासरेथच्या सभास्थानात दिसते.

संदेष्ट्यांपैकी यिर्मयाचा चौतिसावा अध्याय वाचताना माझा जीव आजही तुटतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. घाबरलेला सिद्कीया राजा आणि शहरातले प्रतिष्ठित लोक देवाशी करार करून आपले इब्री दास मोकळे करतात. मग मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी येते, वेढा उठतो, आणि हेच लोक सोडलेल्या दासांना पकडून पुन्हा जुंपतात. यिर्मया देवाच्या वतीने म्हणतो, तुम्ही सातव्या वर्षाचा नियम पाळला नाही, तर मी तुम्हाला मोकळे करतो: तलवारीसाठी, मरीसाठी, दुष्काळासाठी. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास शहर पडले. पुढे बायबलमधल्याच इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने बाबेलमधल्या सत्तर वर्षांच्या बंदिवासाचा हिशेब असा मांडला की एवढा काळ जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भोगून घेतले. कर्णा, शिक्का, वाटी यांतून जगाच्या अंताची तारीख काढणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. या ग्रंथात नाश येतो तो पंचांगातला आकडा आला म्हणून येत नाही. त्या आकड्याने ज्याला मोकळीक दिली होती त्याला ती मिळाली नाही, म्हणून येतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या गावच्या, नासरेथच्या, सभास्थानात यशया संदेष्ट्याची गुंडाळी उघडतो आणि दीनांना सुवार्ता, बंदिवानांना मुक्ती, देवाच्या कृपेचे वर्ष असे वाचतो. ऐकणाऱ्यांना योबेलाची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. लोक खूश होतात. मग तो त्यांना सांगतो की एलीया परजातीच्या विधवेकडे पाठवला गेला, अलीशाने अरामी नामानाला शुद्ध केले. तेव्हा तेच लोक त्याला कड्यावरून लोटायला निघतात. कुंपण मोडल्याचा राग असा असतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येते, सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा. त्यामागे उत्पत्तीतल्या, काइनाच्या वंशातल्या लामेखाचा पोवाडा आहे: काइनाचा सूड सातपट, तर लामेखाचा सत्त्याहत्तरपट. सुडाचा जो गुणाकार उत्पत्तीत सुरू झाला, तो इथे उलटा फिरवला आहे. आणि लगेच येणारा दाखला कशाचा आहे? कर्जाचा. राजाने ज्याचे दहा हजार तालांतांचे अफाट कर्ज सोडले, तो चाकर शंभर दिनारांच्या किरकोळ रकमेसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो. आपण या दाखल्याचे मनातल्या रुसव्याफुगव्यांवरचे प्रवचन करून टाकले आहे. क्षमा मनाने करायची असतेच. पण तिथे गळ्याला हात घातलेला आहे, तुरुंग आहे, आणि येणे ठरलेल्या रकमेचे आहे.

हे सगळे जुन्या काळाचे, असे वाटत असेल तर १६ मे १९९८ चे बर्मिंगहॅम आठवावे. जी-८ देशांचे नेते तिथे जमले होते आणि गरीब देशांचे न फिटणारे कर्ज माफ करा म्हणून सुमारे ७०,००० माणसांनी शहराभोवती मानवी साखळी केली. चळवळीचे नाव ‘ज्युबिली २०००’; ज्युबिली म्हणजे योबेलच. चर्चमधल्या आज्या, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, कधीही प्रार्थनेला न जाणारे विद्यार्थी, सगळे त्यात होते. जगभरातून दोन कोटींहून जास्त सह्या जमल्या. त्यानंतर कर्जसवलतीची योजना रुंदावली, २००५ मध्ये आणखी पुढे गेली, आणि एकूण तीसहून अधिक देशांना तिचा लाभ झाला. टांझानियात प्राथमिक शाळेची फी बंद झाली ती याच काळात, या सवलतीच्या आधाराने. लेवीयाचा पंचविसावा अध्याय कोणी भविष्यकथनासाठी वाचला नाही तर काय घडू शकते, त्याचे हे उदाहरण.

कॅथलिक चर्चने १३०० सालापासून योबेलाच्या नावाने पवित्र वर्षे पाळली आहेत. २०२५ हे त्यांतले ताजे. त्याच्या घोषणापत्रात पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत देशांना स्पष्ट विनंती केली होती की जे देश कधीच फेडू शकणार नाहीत त्यांचे कर्ज सोडा. वर्षभर रोममधल्या पवित्र दारातून जाणाऱ्या यात्रेकरूंची छायाचित्रे आपण पाहिली. कर्जाच्या विनंतीवर किती धर्मग्रामांत बैठक झाली? मला उत्तर उत्साहाचे मिळणार नाही असे वाटते.

आपल्या मातीतही या साताची मुळे आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाची, परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवत मराठी बोलू लागल्या. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. धर्मग्रंथ हाताशी नसताना, त्यातले बहुतेक काही आठवत नसताना, त्यांनी सातवा दिवस सोडला नाही. आणि घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. चौथ्या आज्ञेतल्या गुराढोरांपर्यंतचा अर्थ कोकणातल्या त्या तेल्यांनी व्याख्यानाशिवाय पाळला.

नारायण मेघाजी लोखंडे ख्रिस्ती नव्हते, यहुदी नव्हते, सत्यशोधक होते. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधारेपर्यंत, आठवड्याच्या सुट्टीशिवाय राबत होते. लोखंड्यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, ‘दीनबंधु’तून लिहिले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. राज्यकर्त्यांपैकी अनेकजण स्वतः दर रविवारी चर्चला जात होते. त्यांना सातवा दिवस ठाऊक होता, फक्त तो आपला आहे असे वाटत होते. तो कामगाराचाही आहे हे त्यांना एका सत्यशोधकाने शिकवले. जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या एका मोठ्या कंपनीचे प्रमुख कर्मचाऱ्यांना आठवड्याला ९० तास आणि रविवारीही काम करा असे सांगताना ऐकले, तेव्हा १८९० चा तो निवाडा किती सहज पुसला जाऊ शकतो हे कळले. मोबाइलवरच्या ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो पुसला गेलाच आहे. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची कमाई जाते, आणि बोनसही हुकतो.

म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना, धर्मगुरूंना आणि बायबल शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रकटीकरणातल्या सात शिक्क्यांवर सभा घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण त्याच सभेत अनुवादाचा पंधरावा अध्याय मोठ्याने वाचा. आणि वाचून झाल्यावर आपल्याच संस्थांचे हजेरीपट उघडा. शाळेत झाडलोट करणारी बाई, दवाखान्याच्या फाटकावरचा रात्रपाळीचा वॉचमन, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली मावशी: यांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळते का? ठेकेदारामार्फत ठेवले म्हणून ती जबाबदारी आपली नाही, असे आपण म्हणतो का? त्यांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेली उचल किती वर्षे पगारातून कापली जाते, आणि ती कुठे थांबावी असा काही नियम आहे का? सहा-सात वर्षे राबून कोणी सोडून जाते तेव्हा त्याच्या हातात काय असते? मंडळीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे चार प्रश्न घालायला कोणाचीही परवानगी लागत नाही.